मुठीची झोळी आणि पांढरे हातमोजे

जळगावात माझ्या खोलीच्या खिडकीतून केळीचे ट्रक बारा महिने दिसतात. आषाढात त्यांच्यावरची ताडपत्री ओली असते, एवढाच फरक. ट्रक चौकात थांबला की कच्च्या केळीचा तुरट, चिकाचा वास वर येतो. तो आला की मला डब्यातल्या जुन्या ज्वारीचा वास आठवतो. दोन्ही वासांत साम्य काहीच नाही, पण ते एकाच ऋतूतले आहेत आणि माझ्यासाठी तेवढं पुरतं.

परवा आईचा फोन आला. पौर्णिमा कधी आहे, ऑफिसला सुट्टी आहे का, डबा वेळेवर येतो का, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आणि हो, या वर्षी झोळी निघणार नाही."

भाजीचा भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं.

"हिराअक्कांचे गुडघे पार गेले. बाकीच्यांना कुठे वेळ आहे? मी झोळी धुऊन ठेवली. कापड चांगलं आहे, कशाला तरी कामी येईल."

मी "बरं" म्हटलं. मी नेहमी "बरं" म्हणते. फोन ठेवून खिडकीशी गेले. खाली एक ट्रक वळत होता आणि त्याच्या मागे सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

आमचं घर वरणगावला, बौद्धवाड्यात. बाबा कारखान्यात होते. भोंगा झाला की आमच्या गल्लीतल्या निम्म्या चुली पेटायच्या. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. भिक्खूंनी या काळात फिरायचं नाही, एका जागी राहायचं. आमच्याकडे भिक्खू क्वचित यायचे, पण वर्षावास मात्र पूर्ण पाळला जायचा. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. पंखा गरगरत असायचा, वारा मात्र कुणालाच लागायचा नाही. पावसाचं म्हणाल तर आमच्याकडे ढग जास्त आणि पाऊस कमी. अंगाला चिकटणारा उकाडा, उदबत्तीचा धूर, निळीत बुडवलेल्या पांढऱ्या साड्या. वाचणारी बाई ओळीखाली बोट फिरवत वाचायची. मी मागच्या भिंतीला टेकून बसायची. मी इंग्लिश मीडियमची. जोडाक्षर आलं की अडखळायची, म्हणून मला कधी कुणी वाचायला सांगितलं नाही. त्याचं मला बरंच वाटायचं.

प्रत्येक घरात पिठाच्या डब्याशेजारी एक छोटा डबा असायचा. स्वयंपाकाला लागण्याआधी त्यात एक मूठ टाकायची. ज्वारी, तांदूळ, डाळ, जे शिजणार असेल ते. वर्षावासात दर पंधरवड्याला महिला मंडळाच्या बाया पांढऱ्या कापडाची झोळी घेऊन निघायच्या आणि ते डबे रिकामे करून आणायच्या. खेड्यातली मुलं जळगावला ज्या वसतिगृहात राहून शिकायची, तिथे ते धान्य जायचं. कुणाच्या घरी बाळंतीण असेल, कुणी आजारी असेल, तर आधी तिकडे. मंडळ म्हणजे एवढंच. त्याला पाटी नव्हती, शिक्का नव्हता.

नियम मात्र होते, आणि ते हिराअक्कांचे होते. अक्का धुळ्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्याला उभा जन्म झाला तरी त्यांची अहिराणी सुटली नाही. बाया त्यांची नक्कल करायच्या आणि त्या ती ऐकून हसायच्या. पण झोळीच्या बाबतीत हसणं नाही. दारात उभं राहून "वाढा" म्हणायचं नाही. जयभीम म्हणायचं आणि थांबायचं. झोळी छातीलगत, वर धरायची. घरातल्या बाईने डबा घेऊन बाहेर यायचं, समोर उभं राहायचं आणि ओतायचं. वरून टाकलेलं घ्यायचं नाही. झोळी कमरेखाली गेली तर अक्का तिथेच, गल्लीत, बोलायच्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांच्या आईने त्यांच्या गावात घरोघर भाकर मागितली होती. गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी टोपली घेऊन फिरायचं. ओट्यावरून वरच्या वर भाकर टाकली जायची. खाली पडली तर उचलायची.

आणि शेवटचा नियम, ज्याबद्दल मी इतकं लांबण लावते आहे. झोळीला मुलींनी हात लावायचा नाही. शाळेत जाणाऱ्या कुठल्याच मुलीने नाही. विहार झाडायचा नाही, भोजनदानाच्या पंक्तीत वाढायचं नाही, भांडी घासायची नाहीत. आम्ही हौसेनं केर काढायला गेलो तरी अक्का खराटा काढून घ्यायच्या.

"पोरीस्ना हातमा पुस्तक शोभस. झोळी नही."

आम्हाला ते लाड वाटायचे. ते लाडच होते.

त्या वर्षी मी अकरावीत होते. श्रावणातली एक दमट दुपार. अक्कांची भाची वैशालीताई याच मुठीच्या धान्यावर जळगावला राहून नर्स झालेली आणि पुढे अमेरिकेला गेलेली. तिच्या ओळखीने एक बाई आमच्याकडे आल्या. मिस ओपल. अजिंठ्याची लेणी पाहायला त्या एका गटाबरोबर आल्या होत्या, तिथून दोन दिवस आमच्याकडे. उंच, सत्तरीच्या, कृष्णवर्णी, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा गल्ली क्षणभर गप्प झाली. मग आईच्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं, ह्या तर आपल्या मावशीसारख्याच दिसतात की."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या इंग्रजीचा या गल्लीला तो पहिलाच उपयोग.

संध्याकाळी वाचनानंतर मिस ओपल विहारात सतरंजीवर बसल्या. गुडघे दुमडेनात, म्हणून पाय लांब केले आणि सगळ्यांची माफी मागितली. अक्कांनी लगेच स्वतःचेही पाय लांब केले. मग मिस ओपल यांनी आपल्या चर्चमधल्या बायकांच्या सेवासंस्थेबद्दल सांगितलं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, खाली बघून.

गुलामी कायद्याने संपली, पण पोटाला काहीच मिळालं नाही, तेव्हापासूनची ही गोष्ट, त्या म्हणाल्या. त्यांच्या शहरात ज्या बायका गोऱ्यांचे कपडे धुवायच्या आणि त्यांच्या घरात स्वयंपाक करायच्या, त्या चर्चच्या तळघरात जमायला लागल्या. दवाखाने काळ्या माणसाला घेत नसत, म्हणून आजाऱ्याजवळ पाळीपाळीने बसायचं. दफनाला चांगली जागा देत नसत, म्हणून मेलेल्याला मानाने पोचवायचं. शहराच्या वाचनालयात प्रवेश नव्हता, म्हणून कुणाच्या तरी पुढच्या खोलीत पुस्तकांचं कपाट ठेवायचं. पुढे त्यांच्यातूनच शिक्षिका निघाल्या, नर्स निघाल्या. मग मतदानाला नाव नोंदवायला घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून घेऊन जायचं काम आलं. आता रविवारी प्रार्थनेनंतर रक्तदाब तपासतात, शनिवारी मुलांचा अभ्यास घेतात, कॉलेजला जाणाऱ्यांना मदत करतात. कामं बदलत गेली, हेतू एकच राहिला. आपल्यातलं कुणी एकटं पडू नये.

अक्का मान डोलवत होत्या, ओळखीच्या गावाच्या गोष्टी ऐकाव्यात तशा.

मग मिस ओपल यांनी फोनवर फोटो दाखवला. चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या म्हाताऱ्या बायका, सगळ्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"अगं बाई, ह्या तर पौर्णिमेला निघाल्या!" आई म्हणाली आणि सगळा विहार हसला.

पुढचा फोटो जेवणाचा होता. टेबलांशी म्हाताऱ्या माणसांच्या रांगा, आणि त्यांच्यापुढे ट्रे घेऊन उभ्या लहान मुली. आठ-नऊ वर्षांच्या. पांढरे फ्रॉक, हातांत पांढरे हातमोजे. एक मुलगी जीभ दातांत धरून, पाणी सांडू नये म्हणून ग्लासाकडे टक लावून चालली होती.

अक्कांनी फोन हातात घेतला आणि जवळ नेऊन पाहिला. "ह्या पोरी काबरं वाढी राह्यन्यात?"

मी विचारलं. इंग्रजीत तो प्रश्न फारच साधा झाला. पोरींनी का वाढावं?

मिस ओपल हसल्या. म्हणाल्या, "माझी आजी गोऱ्यांच्या टेबलावर वाढायची. म्हणून माझ्या आईने मला कुणापुढे ताट धरू दिलं नाही. एकदा संस्थेतल्या एक वयस्क बाई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, दुसऱ्यांपुढे धरू देऊ नकोस, बरोबर आहे. पण आपल्या माणसांपुढे धरायला तिला कोण शिकवणार? तू शिकवलं नाहीस तर तिच्या हाताला वाटेल की ताट म्हणजे लाजच."

हे मी मराठीत सांगितलं. एकीने लेकीच्या केसांतला चाप उगाच काढून परत लावला.

अक्का म्हणाल्या, "त्यास्नं त्यास्नाकडे. मनी माय भाकर मांगे. मनी नात काहीच धरणार नही हातमा, पेनशिवाय."

"मग तुमच्यानंतर ही झोळी कोण धरणार?" मिस ओपल यांनी विचारलं. भांडण नव्हतं त्यात. शिक्षिका विचारते तसा प्रश्न होता.

अक्कांचं उत्तर तयार होतं, अभिमानाचं. "कोणीच नही. धरायची गरज पडाले नको, म्हणीसन तर धरी राह्यनू."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मिस ओपल यांनी हळूच मान हलवली. त्यांना ते पटलं असेल किंवा नसेल. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू? तू इथे काय करतेस?"

"आय स्टडी," मी म्हणाले.

"ते तर आहेच. आणखी?"

मी हसले. मला दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते कुणाला खटकावं असंही तेव्हा वाटलं नव्हतं. तो प्रश्न मी भाषांतर करून कुणाला सांगितला नाही. तो माझ्यापुरताच होता.

दुसऱ्या दिवशी पंधरवड्याची फेरी होती. मिस ओपल यांनी झोळी धरू का, असं विचारलं. पाहुणी आणि वयाने मोठी, त्यामुळे नियम आड येत नव्हता. अक्कांनी त्यांना झोळी कशी धरायची ते दाखवलं. त्यांचे कोपर धरून वर उचलले, छातीलगत आणले आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "हां. आते निघा."

ती फेरी मी मागून चालत पाहिली. वर ढग आणि खाली वाफ. नळाचं पाणी गेलेलं, गटाराच्या कडेला कोंबड्या. प्रत्येक दारातून बाया डबे घेऊन धावत येत होत्या. मिस ओपल "जयभीम"चा उच्चार जपून करत होत्या, जणू पेला काठोकाठ भरलेला आहे. कोपऱ्यावरच्या आबांनी खाटेवरून विचारलं, "कोणत्या गावच्या म्हणायच्या या, हिरा?"

अक्का न थांबता म्हणाल्या, "लांबना, आबा. पन आपलासारख्याच. गावबाहेरना."

आबा हसले नाहीत. ते उठले, आत गेले आणि स्वतः डबा घेऊन आले. त्यांच्या घरात तेव्हा बाई नव्हती, पण डब्यात मूठ पडत होती, हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतरचे वर्षावास माझ्या आठवणीत एकमेकांवर पडून चुरगळले आहेत. बारावी. क्लास. भुसावळची पॅसेंजर गाडी. परीक्षेचे दिवस आले की आई मला विहाराऐवजी टेबलाशी बसवायची आणि लाउडस्पीकरवरून वाचनाचा आवाज यायचा म्हणून खिडकी लावून घ्यायची. आम्ही सगळ्याच मुली शिकलो. एक पुण्याला, एक नाशिकला, एक फैजपूरला कॉलेजात शिकवते. मी तर जळगावपर्यंतच आले, बसने तासाभराच्या अंतरावर. एका कंपनीत बसून इंग्रजीत ईमेल लिहिते. पण लांब जाणं किलोमीटरवर नसतं. अक्कांना जे हवं होतं, ते अगदी हवं तसंच झालं. झोळीने आम्हाला वाढवलं आणि झोळीपासून लांब केलं. यात कुणाचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही. तरी काहीतरी चुकलंच.

विहाराला आता घुमट आहे, खाली ग्रॅनाइट आहे. भोजनदानाला केटरर येतो. वसतिगृहात जेवणाचं कंत्राट दिलेलं आहे, सुटं धान्य ते घेत नाहीत. मंडळातल्या बाया एकेक करून म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या. फोटोत पांढऱ्या साड्यांची संख्या कमी होत गेली आणि त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी वैशालीताईने फोटो पाठवला होता. मिस ओपल वारल्या, त्यांच्या अंत्यविधीच्या दिवसाचा. तेच चर्च, त्याच पायऱ्या. आत जेवणाची टेबलं. आणि टेबलांमधून पांढरे हातमोजे घालून ट्रे घेऊन चाललेली वैशालीताई. आमची वैशालीताई, जिला वरणगावात अक्कांनी कधी पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. ती दर शनिवारी तिथे जाते म्हणे, रक्तदाब तपासते, म्हाताऱ्यांना घरी सोडते.

आईने तो फोटो अक्कांना दाखवला. आई सांगत होती, अक्कांनी पुष्कळ वेळ पाहिला. मग एवढंच विचारलं, "तठे चालस का तिले?"

तिथे चालतं का तिला. ते वाक्य मधेच कधीतरी आठवतं, ईमेल लिहिताना, डबा उघडताना.

पौर्णिमेला मी सुट्टी काढली. घरी पोचल्यावर आईला म्हटलं, "झोळी कुठे आहे?"

"कशाला?"

"मी नेते."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नोकरी सोडल्याचं सांगितलं. मग हसली. "तू? तुला साधं दुधवाल्याला हाक मारायची लाज वाटते." ते खरं होतं. तिने कपाटातून घडी काढली, माझ्या हातात दिली आणि घडी सोडलीच नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. "अक्का रागावतील," ती हळू म्हणाली. मग तिची बोटं सैल झाली.

गल्ली तीच आहे, दारं बदललीत. पहिल्या दारात मी हळूच "जयभीम" म्हणाले. आतून कुणी तरी ओरडलं, "पार्सल असेल, घे." दुसऱ्या दारातली बाई भाडेकरू होती, तिला काय ते समजलंच नाही. मी समजावलं तर म्हणाली, "थांबा हं, स्कॅनर आहे का?" तिसऱ्या घरी माझी शाळेतली मैत्रीण माहेरपणाला आलेली. "काय मॅडम! एनजीओ काढला का? सेल्फी घेऊ?" पण ती आत गेली आणि तांदळाच्या पिंपातून ओंजळभर घेऊन आली. छोटा डबा त्यांच्याकडे आता नव्हता. तिच्या लेकीने, पाचेक वर्षांच्या, मधे हात घातला आणि झोळीत काय आहे ते चाचपून पाहिलं. मैत्रिणीने तिचा हात मागे ओढला. सवयीने. अक्का खराटा काढून घ्यायच्या तसंच ते होतं, हे आम्हा दोघींनाही एकदमच कळलं, आणि ती लेकीला घेऊन आत गेली.

बऱ्याच दारांना कुलूप होतं. आबांची खाटही नव्हती. झोळीत तळाशी थोडंसं काही, चालताना ते एका कोपऱ्यात गोळा व्हायचं.

अक्का ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. पाय सुजलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी आधी झोळी पाहिली आणि मग मला.

"तू काबरं उनी?"

मी जयभीम म्हणाले आणि थांबले. वाढा म्हणायचं नसतं.

"तुले एवढं शिकाडं ते यानासाठे?"

मी उभी राहिले. गल्लीतून एक मोटरसायकल गेली. अक्कांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, झालं. मी इथून आता वळेन, झोळी घडी करून आईला देईन, संध्याकाळच्या बसने जळगाव.

मग त्यांनी खाटेखाली हात घातला. पत्र्याचा डबा ओढून काढला, गंज चढलेला. झाकण उघडेना. मी पुढे झाले तर त्यांनी हात झटकला. झाकण निघालं आणि तो वास आला. कडुलिंबाचा पाला आणि जुनी ज्वारी. डबा काठोकाठ भरलेला होता. कुणी न्यायला येणार नव्हतं, दात नसल्याने त्या स्वतः मऊ भातावर होत्या, तरी रोजची मूठ पडत राहिली होती.

त्या खाटेवर बसलेल्या, म्हणून मी वाकले आणि झोळी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत खाली नेली. त्यांना त्रास नको म्हणून.

अक्का ओतायच्या थांबल्या.

"वर धर," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुमचे गुडघे..."

"वर."

मी सरळ झाले. कोपर वर घेतले, छातीलगत. अक्कांनी एका हाताने खाटेची कड धरली, दुसऱ्या हाताने डबा पोटाशी घेतला आणि उठायला लागल्या. फार वेळ लागला. मी हात पुढे केला नाही, कारण दोन्ही हात झोळीला होते. त्या पूर्ण उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. डोळे माझ्याकडे नव्हते, झोळीच्या काठाकडे होते, तो ढळतो का ते पाहत.

ज्वारी पडत राहिली. हे धान्य न्यायचं कुठे, मला ठाऊक नव्हतं. माझे हात भरून आले होते.